वय ३४, पण साइटवर सगळे शिकाऊ समजतात; आपला शब्द कसा मानला जावा?

विश्रामबागची_रहिवासी यांचा प्रश्न

नमस्कार. मी सांगलीत स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करते. माझे वय ३४ वर्षे पूर्ण आहे. बी.ई. झाल्यावर दोन वर्षे स्ट्रक्चर विषयात एम.ई. केले आणि त्यानंतरची दहा वर्षे इमारतींचे डिझाइन, साइटवर सळईची तपासणी आणि पुरात भिजलेल्या जुन्या घरांची पाहणी यांतच गेली आहेत. अंगाने बारीक, उंचीने कमी आणि चेहऱ्याने लहान असल्यामुळे मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास कॉलेजातून प्रशिक्षणासाठी आलेली मुलगी समजतो. आजवर मी हे मनावर घेतले नव्हते. गेल्या महिन्यात जे घडले त्यानंतर मात्र हा प्रश्न माझ्या एकटीच्या मानापमानापुरता उरलेला नाही, असे वाटू लागल्यामुळे इथे लिहीत आहे.

विश्रामबाग भागात पार्किंग आणि वर चार मजले अशी एक इमारत चालू आहे. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या दिवशी मी सकाळी सात वाजता तपासणीला गेले. कडेच्या तीन कॉलमच्या जोडात, म्हणजे बीम जिथे येऊन कॉलमला मिळतो तेवढ्या उंचीत, उभ्या सळयांना बाहेरून वेढून धरणारी एकही रिंग नव्हती. शेजारच्या दोन बीमना ज्या रिंगा होत्या त्यांचे आकडेही, म्हणजे रिंगेची वळवलेली टोकेही, काटकोनात वळवून सोडून दिलेली होती. ड्रॉइंगमध्ये जोडात ७५ मिलिमीटर अंतरावर आठ एमएमच्या रिंगा आणि सगळीकडे १३५ अंशांत आत वळवलेले आकडे असे स्पष्ट दाखवलेले आहे. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: जोराचा भूकंप झाला तर सळईच्या बाहेरचे काँक्रीट आधी सुटून पडते. आकडा आत गाभ्यात रुतलेला असेल तर रिंग सळया धरून ठेवते. काटकोनातला आकडा उघडतो, रिंग सैल पडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. ज्या जोडात रिंगच नाही, तिथे धरून ठेवायला काहीच नसते.

स्लॅब आज भरता येणार नाही, असे मी सांगितले. ठेकेदार माझ्याशी उद्धटपणे बोलले नाहीत, हेही नमूद करते. ते शांतपणे म्हणाले, “ताई, तुम्ही जरा मोठ्या सायबांस्नी फोन लावा की. त्येंनी सांगितलं म्हंजे बघू.” घरमालकांनी तर मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्यादेखत आमच्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला फोन लावला. त्या सहकाऱ्याचे वय २९ आहे. तो माझ्या हाताखाली काम करतो. उंचापुरा आहे आणि दाढी राखतो. तो वीस मिनिटांत आला, त्याने माझेच म्हणणे जवळपास माझ्याच शब्दांत सांगितले आणि काम थांबले.

काम थांबले याचे समाधान आहे. पण तो त्या दिवशी परगावी गेला असता, तर त्या तीन कॉलमचे जोड तसेच काँक्रीटखाली गेले असते आणि पुढे ते कोणालाही दिसले नसते. ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. घरातून साडी नेसून जाण्याचा सल्ला मिळाला, जी सेंट्रिंगच्या फळ्यांवर आणि उभ्या सळयांमध्ये धोक्याची आहे. जाड काड्यांचा चष्मा घेऊन पाहिला. आवाज चढवणे मला जमत नाही आणि ते योग्यही वाटत नाही. वकील, डॉक्टर, बँक, शाळा अशा कोणत्याही क्षेत्रातील ज्यांना हा अनुभव आला आहे, त्यांनी काय केले आणि त्याचा खरोखर किती उपयोग झाला, हे कृपया सविस्तर सांगावे.

---

वकील_विजयनगर

आपला प्रश्न वाचून माझी पहिली पाच-सहा वर्षे डोळ्यांसमोर उभी राहिली. मी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी कामे पाहतो. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ प्रमाणे वयाची २१ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती वकिलीची सनद घेऊ शकते. मी २३ व्या वर्षी घेतली आणि दिसत होतो सतरा-अठरा वर्षांचा. न्यायालयात काळा कोट आणि पांढरे बँड असल्यामुळे निदान हा वकील आहे एवढे तरी लोकांना कळत असे. ऑफिसात मात्र जत किंवा कवठेमहांकाळकडून आलेला पक्षकार दारातून आत डोकावून “वकीलसाहेब कधी येणार हायत?” असे मलाच विचारत असे. मिशा वाढवून पाहिल्या. त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही, म्हणून चष्म्याच्या मागे आपण फार लागू नये, असे सुचवतो.

माझ्या बाबतीत दोन गोष्टींनी फरक पडला. त्यातली पहिली माझ्या हातात नव्हती. माझ्या सीनिअरनी एक दिवस ठरवून पक्षकारांना सांगायला सुरुवात केली की, “हे काम हे वकील बघतात, माझ्यापेक्षा यांना जास्त माहीत आहे, तुम्ही यांच्याशीच बोला.” एवढे सांगून ते खरोखर उठून जात. समोरच्या माणसाला दुसरा पर्याय शिल्लक राहत नसे. आपल्या प्रसंगात मला सर्वांत जास्त खटकली ती ही गोष्ट की, आपल्या सहकाऱ्याने येऊन आपले म्हणणे स्वतः पुन्हा सांगितले. त्याने फोनवरच “डिझाइन मॅडमचे आहे, त्यांचा निर्णय अंतिम आहे, मी त्यांच्या हाताखाली काम करतो” असे सांगून फोन ठेवायला हवा होता. त्याचा हेतू मदतीचाच असणार. तरी त्या वीस मिनिटांत त्या घरमालकाला पुढच्या वेळी कोणाला फोन लावायचा हे शिकवले गेले.

दुसरी गोष्ट तयारीची. जमिनीच्या दाव्यात पक्षकार आपली हकिकत आजोबांपासून सुरू करतो. त्याने बोलायला सुरुवात करण्याआधीच मी सातबारा आणि जुने फेरफार वाचून ठेवू लागलो. एकदा वाटणीच्या दाव्यासाठी आलेल्या एका वयस्कर शेतकऱ्यांना मी पहिलाच प्रश्न विचारला: “तुमच्या चुलत्यांचे नाव या फेरफाराला कमी झाले, त्याची नोटीस तुमच्या वडिलांना मिळाली होती का?” ते काही क्षण माझ्याकडे नुसते पाहत राहिले, मग त्यांनी मांडीवरची पिशवी उघडून सगळे कागद टेबलावर ठेवले. तोपर्यंत ती पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. माझे वय त्यांनी त्यानंतर कधी विचारले नाही.

हा त्रास कायमचा मिटतो असे मात्र नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून मी तिकडेही जाऊ लागलो आहे आणि तिथे पुन्हा तोच अनुभव येतो आहे. ओळखीच्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकले की सुरुवात पहिल्यापासून करावी लागते.

---

मिरज_भूलतज्ज्ञ

मी मिरजेत भूलतज्ज्ञ आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक वर्ष आणि एमडीची तीन वर्षे, असे साडेआठ वर्षांचे शिक्षण झाल्याशिवाय या खुर्चीवर कोणी बसत नाही. पण रुग्णाच्या नातेवाइकांनी हा हिशोब करावा अशी अपेक्षा धरता येत नाही. त्यांना शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात आलेली एक लहानखुरी मुलगी दिसते आणि ते तिला “सिस्टर” म्हणतात. सिस्टर म्हणण्यात कमीपणा काहीच नाही, आमच्या सिस्टर नसतील तर रुग्णालय एक दिवसही चालणार नाही. पण उद्या भूल देण्याची जबाबदारी कोणाची, हे रुग्णाला माहीत असलेच पाहिजे. म्हणून मी ते दुरुस्त करते, प्रत्येक वेळी करते आणि हसतमुखाने करते.

वकीलसाहेबांच्या तयारीच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण त्यात एक भर घालते. समोरचा माणूस वय विचारतो तेव्हा बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो. अथणीकडून आलेल्या एका आजींनी माझे मनगट धरून “तुझं लग्न झालंय का, बाळ?” असे विचारले होते. त्या माझी चौकशी करत नव्हत्या. ही पोर मला सांभाळेल का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. मी “हेदरबेडी, आजी” एवढे कानडीत म्हटले, माझे नाव सांगितले, भूल मीच देणार आहे हे सांगितले आणि मग पुढे काय काय होईल ते क्रमाने सांगितले: कुशीवर वळवून पाठ वाकवायला सांगू, कमरेला गार औषध लागेल, मुंगी चावल्यासारखे होईल, नंतर पाय जड आणि गरम वाटतील, हलवता येणार नाहीत आणि काही तासांनी पुन्हा हलू लागतील. दुसऱ्या दिवशी पाय जड झाल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, “तू म्हणालीस तसंच झालं.” आधी सांगितलेले जसेच्या तसे घडते तेव्हा विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे. आपणही साइटवर फक्त “चालणार नाही” असे न म्हणता, आपण प्रश्नात आम्हाला समजावलेली आकड्याची गोष्ट घरमालकांना समजावली असती, तर कदाचित फोन झाला नसता. मी बांधकामातली नाही, तरीही ती मला एका वाचनात कळली.

आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा लक्षात आली. आमच्या थिएटरमधील कर्मचारी मला प्रेमाने “ताई” म्हणत असत आणि मला ते आवडतही असे. पण माझ्याच वयाच्या पुरुष सहकाऱ्याला तेच कर्मचारी रुग्णासमोर “सर” म्हणतात, हे ध्यानात आल्यावर मी सर्वांना विनंती केली की, आपल्यात काहीही म्हणा, रुग्ण आणि नातेवाईक समोर असताना “डॉक्टर” किंवा “मॅडम” म्हणा. असे सांगताना मला फार संकोच वाटला होता. कोणालाही वाईट वाटले नाही आणि दोन आठवड्यांत सवय झाली. आपल्या ऑफिसातही हे नक्की तपासून पाहा. तरुण दिसणाऱ्या पुरुषाचे वय केसांबरोबर वाढत जाते, आपल्या बाबतीत ते तितक्या सहजासहजी होत नाही, म्हणून वाट पाहत बसण्याचा मार्ग मी तरी सुचवणार नाही.

---

ठेकेदार_कुपवाड

मी गेली बावीस वर्षे सांगली-मिरज-कुपवाड भागात बांधकामाची ठेकेदारी करतो. वरील साइट माझी नाही, पण माझी असती तर मीही कदाचित तेच वाक्य बोललो असतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. मॅडमना राग येऊ नये म्हणून आमची बाजू थोडी विस्ताराने मांडतो.

स्लॅबच्या दिवशी सकाळी सात वाजता ठेकेदाराची काय अवस्था असते ते पाहा. स्लॅबची टोळी आलेली असते, पंप उभा असतो, काँक्रीटच्या प्लँटवर गाड्या भरायला सांगितलेल्या असतात. गाडीत माल भरल्यापासून साधारण दोन तासांत तो ओतावा लागतो, नाहीतर परत पाठवावा लागतो आणि पैसे आमच्या डोक्यावर बसतात. आता जोडातल्या रिंगांची अडचण सांगतो. त्या बीमचा पिंजरा, म्हणजे बांधून तयार केलेला सळयांचा सांगाडा, खाली सोडण्याआधीच कॉलममध्ये ओवून ठेवाव्या लागतात. एकदा बीम बसला की त्या घालायच्या म्हणजे बांधलेल्या तारा कापा, बीमच्या सळया उचला, रिंगा सरकवा आणि पुन्हा बांधा. तीन कॉलमना फिटरचा, म्हणजे सळई बांधणाऱ्या कारागिराचा, अर्धा दिवस सहज जातो. अशा वेळी “आज भरू नका” हे साठ वर्षांच्या साहेबांनी सांगितले तरी आम्ही एकदा तरी वरच्या माणसाला फोन लावून बघणारच. चेहरा लहान असला की तो फोन जरा लवकर लावला जातो, हे मात्र खरे आहे आणि ते चुकीचे आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, बीमचे पिंजरे बांधायला सुरुवात होते त्या दिवशी एक फेरी करावी. पावसाळ्यात काम रेंगाळले तर तारीख आम्ही कळवू. त्या वेळी फिटरशी थेट बोलावे. आमच्याकडचे बरेचसे फिटर विजापूर भागातले आहेत, हाताने काम करून दाखवलेले त्यांना लगेच कळते. एका मॅडमनी आमच्या साइटवर रिंग कापण्याच्या पाटावर स्वतः सळई वाकवायची चावी हातात घेऊन एक आकडा १३५ अंशांत वळवून दाखवला होता आणि आठ एमएमच्या सळईला आकड्याची लांबी किती धरायची याची खूण पाटावर खिळा ठोकून करून दिली होती. तो खिळा इमारत पूर्ण होईपर्यंत तिथेच होता आणि आमचा फिटर नव्या पोरांना “मॅडमच्या खिळ्याला लावून वळीव” असेच सांगत असे. त्या मॅडमचे वय तेव्हा पंचविसाच्या वर नव्हते.

---

निवृत्त_उपअभियंता_सातारा

मी सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालो आहे. माझे बालपण पाटण तालुक्यात गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्या घराची दगडमातीची भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली म्हणून आम्ही वाचलो. आतल्या अंगाला कोसळली असती तर आज हे लिहायला मी नसतो. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. सांगली-साताऱ्याच्या माणसाला रिंगांचे महत्त्व पुस्तकातून सांगावे लागू नये, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणून या ताईंनी त्या सकाळी स्लॅब थांबवला याबद्दल मी त्यांना नमस्कार करतो.

आता कामाचे बोलतो. मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो तेव्हा २२ वर्षांचा होतो आणि मिसरूडही धड फुटलेले नव्हते. माझ्या वयाच्या दुप्पट अनुभव असलेले ठेकेदार समोर असत. माझे म्हणणे चालत असे, कारण माझ्या हातात साइट ऑर्डर बुक होते. त्यात मी काय पाहिले, काय चुकले आणि काय दुरुस्त करायचे हे तारखेनिशी लिहायचे, ठेकेदाराची सही घ्यायची आणि पूर्तता झाल्याशिवाय पुढचे मोजमाप घ्यायचे नाही, असा रिवाज होता. तोंडी सूचनेवर वाद घालता येतो. लिहून सही मागितली की माणूस विचार करतो, कारण उद्या काही झाले तर तो कागद बोलणार असतो.

खासगी कामात ही पद्धत फारशी दिसत नाही, तिथेच आपली अडचण आहे असे मला वाटते. आपण घरमालकांना फीचे पत्र देताना त्यातच दोन ओळी घालाव्यात: तपासणी करून स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही केल्याशिवाय कोणतेही काँक्रीट ओतले जाणार नाही, आणि सहीचा अधिकार अमुक व्यक्तीचा आहे. तिथे आपले स्वतःचे नाव लिहावे. स्लॅबच्या तपासणीसाठी एका पानाचा छापील तक्ता ठेवावा: सळईचा व्यास, अंतर, रिंगा आणि आकडे, जोडातल्या रिंगा, कव्हर ब्लॉक, सेंट्रिंगचे टेकू, विजेचे पाइप, आणि चाचणीसाठी काँक्रीटचे किती क्यूब (ठोकळे) भरायचे. खाली आपली, ठेकेदारांची आणि मालकांची सही. सात आणि अठ्ठावीस दिवसांचे क्यूबचे निकाल त्याच कागदाला जोडावेत. ज्या माणसाला आपल्या चेहऱ्याकडे पाहून विश्वास वाटत नाही, त्याला निदान कागदावरचे नाव वाचता येते.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. निवृत्तीच्या काही वर्षे आधी एका पुलाच्या पाहणीला सल्लागारांकडून एक मुलगी आली होती. मी तिला “तुमचे साहेब कधी येणार आहेत?” असे विचारले होते. तिने काही न बोलता वही उघडून काम सुरू केले. पाहणी उत्तम झाली, अहवालही उत्तम होता, पण मी तिची माफी मागितली नाही. आज हा धागा वाचताना ते आठवले.

---

विश्रामबागची_रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी करून पाहावे आणि मग लिहावे असे ठरवले होते.

वकीलसाहेब, आपला मुद्दा मी सहकाऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की, त्या दिवशी आपण मदतच करत आहोत असे त्याला वाटले होते. आता असा फोन आला तर तो उत्तर न देता माझा नंबर देतो. गेल्या आठवड्यात एकदा तसे घडलेही. फोन करणारे गृहस्थ थोडे नाराज झाले, पण त्यांनी मला फोन केला.

तिसऱ्या मजल्याच्या बीमचे काम सुरू झाले त्या संध्याकाळी मी साइटवर गेले. खिळ्याची कल्पना जशीच्या तशी उचलली आहे, त्याबद्दल कुपवाडच्या ठेकेदारांची ऋणी आहे. पहिला आकडा माझ्याकडून नीट वळला नाही, चावी सटकली. फिटरने पाय देऊन सळई धरली आणि दुसरा बरोबर आला. मग मी घरमालकांना वर बोलावले, दोन्ही तऱ्हेच्या रिंगा त्यांच्या हातात दिल्या आणि आकडा ओढून पाहायला सांगितले. काटकोनातला आकडा त्यांना हाताने उघडता आला नाही, त्यामुळे ते म्हणाले, “ह्यो बी घट्टच हाय की.” त्यावर मी त्यांना बाहेरचे काँक्रीट निघून गेल्यावर त्या टोकाला धरायला काहीच उरत नाही हे कागदावर चित्र काढून दाखवले. ते चित्र त्यांनी घडी करून खिशात ठेवले. पटले की नाही ते मला सांगता येणार नाही. स्लॅबच्या दिवशी ठेकेदारांनी मला अजूनही “ताई” असेच म्हटले. पण तक्त्यावर सही करण्याआधी “जोडातल्या रिंगा मोजून घ्या” असे ते स्वतःच म्हणाले.

भूलतज्ज्ञ मॅडम, ऑफिसात हाक मारण्याची गोष्ट मी अजून बोललेली नाही. आपल्याला वाटला तसाच संकोच वाटतो आहे. सोमवारी बोलणार आहे.

साताऱ्याच्या साहेबांना एक विचारायचे आहे. आमची जी तीन कामे आधीपासून चालू आहेत, त्यांच्या फीच्या पत्रात सहीची अट नाही. ती आता मधेच घालता येईल का, की नव्या कामांपासूनच सुरुवात करावी?

---

निवृत्त_उपअभियंता_सातारा

चालू कामांसाठी पत्र बदलू नका, मालकांना शंका येईल. पुढच्या स्लॅबच्या आधी फक्त तक्ता द्या आणि “यापुढे आमच्या ऑफिसची ही पद्धत आहे” असे सोबतच्या पत्रात एका ओळीत लिहा. त्या पत्राची पोच मात्र घ्या, आणि सहकाऱ्याऐवजी ते आपण स्वतः नेऊन द्या.